सातगावची रजई

नोकरीनिमित्त बंगालात येऊन आम्हांस बारा वर्षे झाली. आमची कन्या मराठी बोलते, पण वाक्याचा शेवट बंगाली हेलाने करते. आम्ही तिला वरचेवर टोकतो. सुटीत गावी गेलो की वडीलधारी मंडळी हसून विचारतात, "ही पोर आता कोणाची म्हणायची?" आम्हीही हसतो, प्रश्न मात्र परतीच्या गाडीत आमच्याबरोबर येतो.

मध्यंतरी एका ग्रंथात सातगावच्या रजयांची छायाचित्रे पाहिली, आणि एका रविवारी हुगळी जिल्ह्यातील आदिसप्तग्राम गाठले. हेच ते जुने सातगाव. सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापारी येथे येत. पुढे सरस्वती नदी गाळाने भरली, व्यापार हुगळीस गेला. १६३२ मध्ये शहाजहानच्या सैन्याने तेही ठाणे जिंकले. बंदर गेले, नाव रजयांना चिकटून राहिले.

पोर्तुगीज त्यांना 'कोल्शा' म्हणत. पांढरे सुती कापड आणि त्यावर पिवळसर रानरेशमाने साखळी टाक्यात केलेले दाट भरतकाम. लिस्बन, लंडन आणि बोस्टन येथील संग्रहालयांत त्या आजही जपलेल्या आहेत. विषय गिऱ्हाइकाच्या आवडीचे : टोपीवाले शिकारी, गलबते, स्वतःच्या रक्ताने पिलांना पोसणारा पेलिकन पक्षी आणि काही रजयांच्या मध्यभागी सॉलोमन राजाचा न्याय. भरणारे हात बंगालचे. त्यांची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत.

सॉलोमनची कथा सर्वश्रुत आहे. दोन स्त्रिया एकाच मुलावर हक्क सांगतात. राजा म्हणतो, "मूल चिरून दोघींना अर्धे अर्धे द्या." तेव्हा खरी आई आपला हक्क सोडते; मूल जगावे एवढेच मागते.

ती कथा भरणाऱ्या कारागिरास तिचा अर्थ कोणी सांगितला होता की नाही, कोण जाणे! पण त्याची रजईच तो प्रश्न विचारते. कथा यरुशलेमची, पैसा पोर्तुगिजांचा, रेशीम आणि टाका बंगालचा. मग रजई कोणाची? वाटणी करू गेल्यास हाती चिंध्याच येतील.

गावी पुन्हा तोच प्रश्न निघेल. त्याला चटकन देण्याजोगे उत्तर आम्हांस अद्याप सुचलेले नाही. मुलीला हेलावरून टोकणे मात्र आम्ही त्या रविवारपासून सोडले आहे.