टाकी कोरडी केली का?



कार्तिकी पौर्णिमा पंधरा दिवसांवर आली. चार महिने शेडमध्ये उभी असलेली आमची यात्रागाडी परवा बाहेर काढली. यात्रागाडी म्हणजे जुनी ट्रॅव्हलर. मागच्या सीटा काढून दोन बाकं, छोटा ओटा, शेगडी आणि ६० लिटरची पाण्याची टाकी बसवून घेतली आहे. बदलाची आरटीओत रीतसर नोंदही आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा मुलगा हसून म्हणाला, "आई, तुम्ही सरकारच्या पुढे होतात." आम्हाला कुठलं पर्यटन! सूर्य बुडायच्या आत, कांदा-बटाट्याशिवायचं जेवण आणि गाळलेलं पाणी वाटेत मिळत नाही, म्हणून ही खटपट.

चातुर्मासात आम्ही यात्रा करत नाही. तेवढे महिने गाडी बल्लारपूरच्या पावसात एका जागी उभी. लोकांना वाटतं, चालली नाही म्हणजे झिजली नाही. खरं तर उभी गाडीच जास्त लक्ष मागते.

टायरचंच बघा. नक्षी नव्यासारखी दिसते, पण आपल्याकडचा पंचेचाळीस अंशांच्या पुढचा उन्हाळा रबराला आतून खातो. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातलं टायर. हे मला साठीत कळलं, बी.कॉम.ला कुणी शिकवलं नव्हतं. बॅटरीची एक वायर सोडून ठेवायची, नाहीतर उभ्या उभ्या उतरते. गॅसच्या नळीवर तारीख असते, पाच वर्षं झाली की बदलायचीच. जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहायचं. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. म्हणून गाडीच्या तळाशी जाळी ठेवलेली असते. मागच्या खेपेला त्या जाळीसमोर पापडाची पिशवी कोंबलेली सापडली. कोंबणारी मीच.

उंदरांचा प्रश्न जरा अवघड. ते वायरी कुरतडतात. विष आम्ही ठेवत नाही. कुणी म्हणतं इंजिनजवळ तंबाखूची पानं ठेवा. ती विकत आणायचंच माझ्या जिवावर येतं. मग दाण्याचा कणही गाडीत राहू द्यायचा नाही आणि रात्री बॉनेट उघडं ठेवून वर दिवा लावायचा. उंदराला अंधार हवा असतो. बऱ्यापैकी जमतं.

पण आज लिहायला बसले ती टाकीसाठी.

टाकीतलं पाणी गाळलेलं, पण ते हात-भांडी धुण्यापुरतं. पिण्याचं वेगळं, उकळून घेतो. हिवाळ्यात ते चार प्रहर चालतं. यात्रेहून आलो की त्याच दिवशी खालचा नळ उघडून टाकी रिकामी करायची, कापडाने पुसायची, झाकण काढून उन्हात वाळवायची. हे काम कायम ह्यांचं. गाडी लावायची आणि चहासुद्धा न घेता टाकीकडे जायचं, अशी सवय.

तीन वर्षांपूर्वी आषाढात परतलो. मी विचारलं, "टाकी कोरडी केली का?" हे म्हणाले, "केली." कार्तिकात झाकण उघडलं तर आत अळ्या वळवळत होत्या. भिंतींवर हिरवी-काळी बुरशी, लीलफूल म्हणतो ना आपण, तसा थर.

आपण पाणी गाळतो तेव्हा गाळण्यातले जीव आले त्या पाण्यात परत सोडतो, जीवाणी करतो. ह्यांची जीवाणी कुठे करायची? हे जीव कुठल्या विहिरीतून आले नव्हते, आमच्या विसरण्यातून जन्मले होते. डास होऊ द्यावेत तर शेजारी लहान मुलं. शेवटी बादल्यांनी ते पाणी गावाबाहेरच्या तळ्यात नेऊन सोडलं. तिथल्या माशांनी पुढे काय केलं असेल ते मला समजतं, म्हणून जीव वाचवले असं मी म्हणत नाही. टाकी घासताना गेलेले तर वेगळेच.

मी रागाने ह्यांच्याकडे पाहिलं. हे खोटं बोलले नव्हते. ह्यांना खरंच वाटत होतं की टाकी कोरडी केली होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. पुढे डॉक्टर, तपासण्या, गोळ्या झालं. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

तेव्हापासून गाडीची वही ठेवली आहे. तारीख, काम, कुणी केलं, कुणी पाहिलं. शेवटच्या दोन रकान्यांत वेगवेगळ्या सह्या. व्हाउचर नाही तर नोंद नाही, हा माझा कॉलेजातला धडा एवढ्या उशिरा कामी आला. हे एकटे करणार नाहीत, मीही एकटी करणार नाही. स्टेअरिंग आता भाच्याकडे आहे. पण टायरचे आकडे हेच वाचतात, मी लिहिते. नजर अजून चांगली आहे.

या वेळी आधी भद्रावतीला जाऊन येऊ. पार्श्वनाथांचं दर्शन आणि गाडीची चाचणी दोन्ही होईल. काही खडखडलं तर घर जवळ. मग राजुऱ्यावरून तेलंगणात कुल्पाकजी. या दिवसांत साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणून चार वाजता जिथे असू तिथे बाजूला थांबून शेगडी पेटवायची, दार उघडं ठेवून. टाकी निघायच्या सकाळीच भरायची.

काल रात्री जाग आली तर शेडमध्ये टॉर्च दिसला. हे टाकीच्या नळाखाली हात धरून उभे होते.

"कोरडी केली होती ना गं?"

मी वही आणून दाखवली. आषाढातली तारीख, ह्यांची सही, शेजारी माझी. हे स्वतःच्या सहीकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. झोपतो मी."