मसुऱ्याचा प्रकाश आणि उतारवयातील कॅमेरा

मालवण तालुक्यातील मसुरे गावी टेकडीवर जांभ्या दगडाचा भरतगड आहे आणि खाडीपलीकडे भगवंतगड. साठीनंतर पहिला खराखुरा कॅमेरा हाती घेणाऱ्यास याहून चांगली शाळा कोणती? माडांखालची गर्द सावली आणि पाण्यावरचे लखलखते ऊन एकाच चौकटीत धरावयाचे, तर भिंगाचे छिद्र किती उघडावे, शटर किती वेगाने मिटावे, याचा विचार करावाच लागतो. हा विचार मनाला मानवतो. अमेरिकेत डॅलस येथील संशोधकांनी ६० ते ९० वयाच्या २२१ व्यक्तींचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. त्यांतील काहींनी तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास, छायाचित्रण वा गोधडीकाम शिकून घेतले. नुसत्या गप्पा-सहलींत रमलेल्यांपेक्षा त्यांची स्मरणशक्ती अधिक सुधारली.

हात कापत असल्यास कोपरे बरगड्यांशी टेकवावीत, शटर १/२५० वा त्याहून वेगाचे ठेवावे. गड चढवत नसेल तर खाडीकाठ पुरेसा आहे. सोबतच्या मुला-सुनांनी मात्र एक पथ्य पाळावे: आजोबांना उशीर होतो म्हणून कॅमेरा परस्पर ‘ऑटो’वर लावून देऊ नये. चाके त्यांनाच फिरवू द्यावीत. सकाळी नऊच्या आत निघावे. तेव्हा प्रकाश मऊ असतो आणि चढणही सोसवते.