राउटरपुरती वीज

आमचं घर मालवण तालुक्यात, किनाऱ्यापासून थोडं आत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा वाडीतले विजेचे खांब आडवे झाले, माड तारांवर पडले. "फाल्या येतली लाइट", म्हणजे उद्या येईल, हे ऐकत आम्ही कितीतरी दिवस काढले. मोबाइलचे टॉवरही बंद होते, त्यामुळे पुण्याच्या ऑफिसला काही कळवता आलं नाही. पण त्याचं कुणी काही मनावर घेतलं नाही. वादळाच्या बातम्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या.

खरा त्रास नंतर पावसाळ्यात झाला. मी घरून हिशेबाचं काम करते. ऐन मीटिंगमध्ये लाइट जायची, तासा-दोन तासांनी यायची. जीएसटीचं विवरणपत्र भरायची २० तारीख असली की सकाळपासून माझं लक्ष आभाळाकडे. "परत लाइट गेली?" असं तिकडून कुणी हसून विचारलं तरी मला उगाच अपराधी वाटायचं.

कणकवलीच्या दुकानात चौकशी केली. त्यांनी १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी आणि इन्व्हर्टर सुचवला, खर्च २५ हजारांच्या घरात. घरभर पंखे-दिवे चालवायचे असतील तर तो ठीकच आहे. पण माझी गरज तेवढी होती का? लॅपटॉपची स्वतःची बॅटरी चार तास चालते. मोबाइलचं तेच. लाइट गेल्यावर बंद पडायचा तो फक्त राउटर. त्याच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलंय, म्हणजे जास्तीत जास्त १२ वॅट. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने मीटर लावून पाहिलं तर प्रत्यक्षात आठच्या आसपास.

घरात जुन्या कॉम्प्युटरचा यूपीएस पडून होता. त्यातली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी मेली होती, ती बदलून घेतली. खर्च हजाराच्या आसपास. राउटर त्यावर दीड तासच चालला. ८४ वॅट-तासांच्या बॅटरीवर ८ वॅटचा राउटर दीडच तास कसा? इलेक्ट्रिशियनने समजावलं. शिशाची बॅटरी पार रिकामी करत नाहीत, केली तर लवकर जाते. शिवाय यूपीएस १२ व्होल्टचे २३० करतो आणि राउटरचा अडॅप्टर त्या २३०चे पुन्हा १२ करतो. या उलटसुलट कारभारात आणि यूपीएसच्या स्वतःच्या भुकेत बरीच वीज जाते. त्यात तो लाइट गेली की सतत बीप करायचा. रात्री सासूबाई विचारायच्या, "गो, ता काय वाजता?"

मग राउटरसाठीच मिळणारा छोटा यूपीएस घेतला. दीड हजाराच्या आत मिळाला. त्यात लिथियमचे सेल असतात आणि तो सरळ १२ व्होल्टच देतो, मधली उलटापालट नाही. घेताना एक बघायचं. खोक्यावर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं, पण तो आकडा सेलच्या ३.७ व्होल्टचा. म्हणजे ३७ वॅट-तास. १२ व्होल्टला ते जेमतेम ३,००० एमएएच भरतात. आपला राउटर ९ व्होल्टचा आहे की १२चा, आणि पिन त्यात बसते का, हे दुकानातच तपासा. मी अडॅप्टर पिशवीत घालूनच गेले होते. घरी आल्यावर भर दुपारी, लाइट असतानाच बटण बंद करून घड्याळ लावलं. साडेतीन तास चालला.

पुढच्या वेळी लाइट गेली, राउटरचे दिवे चालू राहिले, आणि नेट बंद! माझं नेट केबलवाल्याच्या फायबरवरून येतं, आणि त्याचा डबा वाडीतल्या दुकानात, त्या दुकानाच्याच विजेवर. माझा राउटर जागा राहून उपयोग काय? हे मात्र आधी कुणीच सांगितलं नव्हतं. वाडीतल्या गिऱ्हाइकांनी थोडे थोडे पैसे काढले, त्यात केबलवाल्याने भर घातली आणि तिथेही बॅटरी बसली. यूपीएस घेण्याआधी आपल्या केबलवाल्याला हा प्रश्न विचारून घ्या.

एक फायदा माझ्या ध्यानीमनी नव्हता. आमच्याकडे मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा फार. गडगडायला लागलं की मी यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून ठेवते. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, तारेतून येते. पूर्वी प्लग काढला की काम थांबायचं. आता चालू राहतं. पोटात गोळा येतो तो येतोच.

हा छोटा यूपीएस कपाटात किंवा कापडाखाली ठेवू नका, तापतो. खाऱ्या हवेने पिनेवर हिरवं चढतं, ते मी अधूनमधून पुसते. सेल फुगलेले दिसले तर वापर तिथेच थांबवायचा. दोन पावसाळ्यांनंतर साडेतीन तासांचे अडीच झालेत. पुढच्या मे महिन्याआधी नवा घेईन. जुन्या यूपीएसमधली शिशाची बॅटरी दुकानदाराने परत घेतली, वजनावर थोडे पैसेही दिले. पाऊस थांबत नाही तोवर सासूबाईंच्या खोलीसाठी चार्जिंगचा पंखा बघायचा आहे.