पानशेतहून केळकर संग्रहालयाकडे

ज्यांच्या दारांत मोटार नाहीं, त्यांनीं प्रेक्षणीय वस्तू पाहण्याची हौसच धरूं नये, असा कांहीं अलिखित नियम हल्लीं झाला आहे कीं काय, न कळे. आमच्याच घरचें उदाहरण घ्या. पुण्याच्या शुक्रवार पेठेंतील राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावें, ही आमच्या आत्याबाईंची तीन वर्षांपासूनची इच्छा. पुतणे मंडळी दर खेपेस म्हणत, "मोटारीची सोय झाली कीं नेऊं." सोय होत नव्हती, आणि आत्याबाईंनीं ऐंशी केव्हांच ओलांडली होती. शेवटीं त्यांना बसनें नेण्याचें आम्हां उभयतांनीं ठरविलें. घरांत त्यावरून थोडा वाद झाला. तो येथें सांगण्यासारखा नाहीं.

पानशेतची गाडी खडकवासल्याच्या पाण्याच्या कडेनें खानापूर, डोणजें करीत स्वारगेटला पोंचते. एका शाळकरी मुलीनें आपण होऊन खिडकीजवळची जागा आत्याबाईंना दिली. त्यांचें माहेर, म्हणजे आमचें मूळ घर, आज तानाजीसागराच्या तळाशीं आहे. धरणासाठीं गांव उठला तेव्हां त्या चौदा वर्षांच्या होत्या. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत हाहाकार उडाला, हें सर्वांस ठाऊक आहे. पुढें तें पुन्हां बांधलें गेलें. परंतु जीं घरें पाण्याखालीं गेलीं, त्यांतील विळी, रवी, लामणदिवा यांचें काय झालें, याची नोंद कोण ठेवणार? आमच्या घरचें कांहीं जड म्हणून विकलें गेलें, कांहीं मोडींत गेलें.

स्वारगेटपासून सारसबागेवरून बाजीराव रस्त्यानें संग्रहालय पायीं जाण्याजोगें आहे. आत्याबाईंसाठीं आम्हीं रिक्षा केली, इतकेंच.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा व्यवसाय चष्म्यांचा, आणि कविता 'अज्ञातवासी' या नांवानें. बालवयांत गेलेल्या राजा नांवाच्या मुलाची स्मृति म्हणून त्यांनीं संग्रहास त्याचें नांव दिलें. १९२० च्या सुमारास आरंभ करून, पत्नी कमलाबाईंच्या साथीनें, त्यांनीं सुमारें वीस हजार वस्तू जमविल्या, आणि पुढें तो सारा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. राजेरजवाड्यांचीं शस्त्रें आणि जवाहीर जमविणारे पुष्कळ असतात. केळकरांनीं त्याच हौसेनें अडकित्ते जमविले!

कोथरूडहून हलवून येथें पुन्हां उभारलेल्या मस्तानी महालाकडे आत्याबाईंनीं ओझरतेंच पाहिलें. त्या थांबल्या त्या वज्र्यांपाशीं. टांच घासण्याची वस्तू ती; खालून खरखरीत असली कीं काम भागलें. पण ओताऱ्यानें तिच्या पाठीवर पक्षी बसविले आहेत. न्हाणींत पडून राहणाऱ्या वस्तूवर इतका जीव! अडकित्त्यांचेंही तेंच. सुपारी कातरावयास दोन पातीं पुरतात. येथें कुठें त्यांचा घोडा झाला आहे, कुठें स्त्रीपुरुषांची जोडी. आम्ही त्यांकडे कला म्हणून पाहत होतों, आत्याबाई मनांतल्या मनांत त्या वापरून पाहत होत्या. "दिसायला छान, पण याची मूठ हाताला रुतेल." "या समईला तेल फार लागेल हो." शेवयांच्या साच्यापुढें तर त्यांचे दोन्ही हात आपोआप दाबल्यासारखे खालीं गेले. काचेजवळच्या पाटीवर वस्तूचें नांव असतें, प्रांत असतो. ती धरावी कशी, हें नसतें. तें ज्यांच्या हातांस ठाऊक आहे, तीं माणसें मोटारीची वाट पाहत घरोघरीं बसलेलीं आहेत.

एका लामणदिव्याखालीं त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. "आमच्या ओसरीवर अस्साच होता." तो तोच असण्याचा संभव नव्हता, आम्हांस तें ठाऊक होतें, त्यांनाही.

जिने पुष्कळ आहेत. वडील माणसांस घेऊन जाणाऱ्यांनीं सर्व मजले पाहण्याचा हट्ट धरूं नये. आम्हीं धरला नाहीं. उरलेल्या वेळांत कसबा पेठेंतील तांबट आळीकडे वळलों. तेथें तांब्यावर हातोडीनें माठारकाम अजून चालतें. त्या ठोक्यांनीं पत्रा कणखर होतो आणि चकाकतोही. आत्याबाईंनीं एक तांब्या उचलला, बोटाच्या पेरानें वाजविला, कान देऊन ऐकला आणि खालीं ठेवला; दुसरा वाजविला, तोही ठेवला. चौथा वाजविल्यावर म्हणाल्या, "हा द्या."

"आजी, तुम्हांला कळतं," कारागीर म्हणाला. भाव मात्र त्यानें कमी केला नाहीं.