चाळिशी आणि जास्वंद

हॉस्टेलवर मला 'फुलवाला' म्हणतात. ए विंगच्या मागे सदाफुलीसमोर पालथा पडलेला एक प्राणी तुम्ही पाहिला असेल, तर तो मीच. मेसच्या काकांनी एकदा मला चक्कर आली असं समजून तोंडावर पाणी मारलं होतं. असो. हा उद्योग कसा सुरू झाला ते संपादक मंडळाने लिहायला सांगितलं आहे. सबमिशन डोक्यावर असताना लिहितोय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमचं घर पारनेर तालुक्यात, नगर-पुणे रस्त्यावर सुप्याच्या थोडं आत. (२०२४ पासून जिल्हा अहिल्यानगर झाला, पण एसटीत बसल्यावर तोंडातून अजून 'नगर'च निघतं.) आमचा भाग पर्जन्यछायेचा, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारा. त्यामुळे आईची बाग म्हणजे तेलाचे डबे, फुटक्या बादल्या आणि भांडी धुतलेलं पाणी. तेवढ्यावर तिने जास्वंद, गोकर्ण, अबोली, गुलबक्षी, शेवंती आणि तुळस जगवली आहे. अण्णा टर्नर. आधी नगरला, मग सुपा एमआयडीसीत, अशी लेथवर सव्वीस वर्षं झाली.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत रूममेटचा कॅमेरा मागून घरी नेला. मनात होतं की आईच्या बागेचे एकदम क्लोजअप काढायचे. पण कॅमेऱ्याबरोबर येणारी लेन्स फुलाच्या फार जवळ नेली की फोकसच होत नाही, नुसती घरघर करते. जास्वंद पूर्ण येते, पण तिच्या आत शिरता येत नाही. खरी मॅक्रो लेन्स आपल्या बजेटच्या बाहेर, मोबाईलच्या दोन मेगापिक्सेलवाल्या मॅक्रोची गंमत दोन दिवसांत संपलेली. मग कळलं की साधी ५० एमएमची लेन्स उलटी बसवली की काम होतं! दहावीच्या पुस्तकातलं भिंग आठवा. वस्तू आणि प्रतिमा दोन्ही २ एफवर असल्या की प्रतिमा वस्तूएवढीच पडते. लेन्सचं तोंड कॅमेऱ्याकडे केलं की आपण जवळजवळ तिथेच पोचतो.

सुप्यातल्या एका स्टुडिओवाल्या काकांकडे रिळाच्या कॅमेऱ्याची जुनी ५० एमएम धूळ खात पडली होती. कडेला थोडी बुरशी, पण छिद्र लहानमोठं करायची रिंग तिच्या अंगावरच. उलट्या लेन्सला ही रिंग लागतेच, कारण कॅमेऱ्याला त्या लेन्सचा पत्ताच नसतो. काकांनी ती तशीच दिली. आता प्रश्न ती उलटी धरणार कोण? बॉडी कॅपला मधोमध भोक पाडायचं, त्यावर लेन्सच्या पुढच्या आट्यांत बसेल अशी रिंग चिकटवायची, असा माझा बेत. अण्णांना सांगितला. ते सेकंड शिफ्टहून येऊन जेवत होते.

"कितीचा पिच?"

"एक असेल."

"असेल? मेकॅनिकलला ना तू?"

पुढे काही न बोलता त्यांनी पेटीतून थ्रेड गेज काढला आणि लेन्सच्या आत एकेक पातं टेकवून बघितलं. मग मला म्हणाले, "तू बघ, बसतंय का." मला वाटलं परीक्षा घेताहेत. ०.७५ बसलं. तोंडाचा व्यास ५२.

रविवारी नागापूर एमआयडीसीत त्यांच्या एका जुन्या दोस्ताच्या शेडवर गेलो. अॅल्युमिनियमचा तुकडा चकमध्ये बांधून अण्णा उभे राहिले, की त्यांची मान एका बाजूला कलते, हे मी लहानपणापासून बघतोय. त्या दिवशी मात्र ती सारखी मागेपुढे होत होती. व्हर्निअर एकदा नाकाशी, एकदा हातभर लांब, मग दाराच्या उजेडात. रिंग तयार झाली आणि लेन्समध्ये खुळखुळली! ०.७५ पिचच्या आट्याची खोली अर्धा मिलिमीटरसुद्धा नसते. तेवढ्यात व्यास अर्ध्या मिलिमीटरने कमी झाला तर आटे पकडणार काय? मी व्हर्निअर लावून बघितलं तर ५१.४. अण्णांनी ५१.९ वाचलं होतं. व्हर्निअरवरचे ते बारके इंग्रजी ४ आणि ९ नीट बघा कधी. अंधूक दिसले तर सारखेच वाटतात.

शेडमध्ये कोणी काही बोललं नाही. दोस्ताने चहा मागवला. अण्णांनी दुसरा तुकडा बांधला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू वाच. मी कापतो."

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपला व्हर्निअर वाचायला मी नेहमी पुढच्या बाकावरच्याचा आकडा उतरवून घ्यायचो. त्या दिवशी प्रत्येक रीडिंग तीनतीनदा घेतलं. बावन्न पॉइंट सहा. बावन्न पॉइंट दोन. एक्कावन्न पॉइंट चौऱ्याण्णव, बास! मग आटे. रिंग लेन्समध्ये अशी गेली की शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला हाताला मऊ ब्रेक लागला.

परतताना गाडीवर वाऱ्यात ओरडून बोलावं लागत होतं. चार महिन्यांपूर्वी कंपनीने लेथवरून काढून पॅकिंगला बसवलंय, असं ते म्हणाले. दोन लॉट रिजेक्ट झाले होते. घरी सांगितलं नव्हतं. डबा तोच, शिफ्ट तीच, कोणाला कळणार? मी म्हणालो, "चष्मा का नाही केला?" तर म्हणे, "चाळिशी लावून मशीनवर उभा राहिलो असतो तर त्यांनी आधीच काढलं असतं." हे त्यांचं गणित मला आजही पटलेलं नाही. पण मीही काही हरिश्चंद्र नव्हतो. माझा एम-थ्री दुसऱ्यांदा राहिलाय, हे मी जूनपासून लपवलं होतं. त्याच वाऱ्यात, कामरगावच्या अलीकडे, मीही ओरडून सांगून टाकलं. अण्णांनी गाडीचा वेग कमी केला, एवढंच. घर येईपर्यंत दोघंही गप्प.

सकाळी सातला वारा पडलेला असतो. मी जास्वंदीसमोर मांडी घालून बसलो. आमची जास्वंद साधी, पाच पाकळ्यांची. मॅक्रोमध्ये खरा शत्रू वारा. या लेन्समधून जेमतेम अडीच सेंटिमीटर रुंद जग दिसतं. त्यात आठ नंबरच्या छिद्राला धारदार दिसणारी जाडी अर्धा-पाऊण मिलिमीटर, आणि छिद्र आठचं असलं तरी उजेड सोळाएवढाच मिळतो. फोकस रिंगने नाही, स्वतः पुढेमागे डुलून करायचा. श्वास घेतला की फूल गायब. अर्धा तास माझा हा नाच बघून अण्णा येऊन बसले आणि दोन बोटांत देठ धरला.

"किती जागा आहे?"

"अर्धा मिलिमीटर."

"अर्धा? भरपूर झाला की. आम्ही वीस मायक्रॉनमध्ये काम करतो." करतो म्हणाले. करत होतो नाही.

ट्रेसिंग पेपर उन्हाच्या आड धरला आणि विसाव्या की बाविसाव्या फोटोत ते आलं. जास्वंदीच्या मधला दांडा म्हणजे पुंकेसर एकत्र जुळून झालेली नळी. तिच्या आतून स्त्रीकेसर वर येतो आणि टोकाला पाच लाल मखमली गोंडे फुटतात. खाली परागकण मोहरीसारखे सुटे सुटे. रोज देवाला वाहतो ते फूल, आणि हे मी एकवीस वर्षांत बघितलंच नव्हतं. पुढे शेवंती घेतली. आपण जिला पाकळी म्हणतो ते प्रत्येक एक वेगळं फूल असतं, हे बारावीला पाठ केलं होतं. दिसलं त्या दिवशी.

कार्ल ब्लॉसफेल्ट नावाचा बर्लिनचा कलाशिक्षक घरी बनवलेल्या कॅमेऱ्याने कळ्या आणि देठ कित्येक पट मोठे करून टिपायचा. १९२८ साली त्याचं पुस्तक निघालं आणि लोक चकित झाले. इतक्या लांब कशाला, 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' लिहिणारे पुण्याचे श्रीकांत इंगळहळीकर मुळात इंजिनिअरच. तेव्हा 'इंजिनिअरने फुलं कशाला बघायची' असं विचारणाऱ्या रेक्टर सरांना हे माझं लेखी उत्तर समजावं!

कॅमेऱ्याचा पडदा मी अण्णांसमोर धरला. त्यांनी हात लांब केला नाही, डोळे बारीक केले नाहीत. फोटो मोठा करत गेलो तसे ते गोंडे मोजत गेले. "पाच हायेत," म्हणाले. मग परत पहिल्यापासून मोजले. एवढ्यात आई परडी घेऊन आली. "झालं का तुमचं? देव थांबलेत माझे." आणि तिने आमचं मॉडेल खुडलं.

नगरला डोळे तपासले. नंबर निघाला, चष्मा झाला. लेथ परत मिळाला नाही, पण रविवारी ते नागापूरच्या त्या शेडवर जातात, चाळिशी नाकावर ठेवून. पहिली, सैल झालेली रिंग मी भंगारात टाकणार होतो. आईने ती शेवंतीच्या फांद्या एकत्र राहाव्यात म्हणून डब्यात अडकवली आहे, आणि अगदी मापात बसली आहे म्हणते.

एम-थ्रीचा पेपर पुढच्या महिन्यात आहे. अण्णा दर रविवारी फोन करतात आणि आधी विचारतात, "किती चॅप्टर झाले?" आकडा मी आता खरा सांगतो.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)