मागचा दिवा

जानेवारीतली गोष्ट. कुरुंदवाडला नात्यातल्या एका मुलीचा निकाह होता. दुपारी मिरजेहून निघालो. उसाचा हंगाम जोरात होता. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस असा रचलेला की ट्रॉलीचं मागचं काहीच दिसत नाही. ना दिवा, ना लाल पट्टी. प्रत्येक ट्रॉलीमागे माझी बडबड चालू होती. मागच्या सीटवर बसलेल्या लेकीला मी हदीससुद्धा सांगितली की, रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हाही सदका आहे. "आणि ही माणसं बघ, त्रासदायक वस्तू स्वतःच रस्त्यावर आणतात!" लेक 'हं' म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

निकाह, जेवणं, निरोप यात इशा होऊन गेली. परत निघालो तेव्हा अंधार गडद होता. शिरोळ मागे टाकलं आणि एक मोटरसायकल पाठीमागे लागली. आधी हॉर्न, मग अप्पर-डिप्पर. मी बाजू दिली तरी पुढे जाईना. एकदा अगदी शेजारी आली, चालवणाऱ्या पोराने हाताने काहीतरी खूण केली. हँडलला छोटा भगवा झेंडा होता.

इथे खरं लिहायला हवं. तो झेंडा दिसल्यावर माझा पाय ॲक्सिलरेटरवर आपोआप दाबला गेला. शेजारी बुरख्यातली पत्नी, मागे वयात आलेली लेक, दोन्ही बाजूंना उभा ऊस. पत्नी हळूच म्हणाली, "गाडी नक्को रोको." मागून लेकीचं आयतुल कुर्सी पुटपुटणं ऐकू येत होतं. मोबाईलवर रोज काय काय बघून झोपतो आपण. ते सगळं त्या दोन मिनिटांत आमच्या गाडीत येऊन बसलं होतं.

पुढे ट्रॉल्यांची रांग लागली आणि थांबावंच लागलं. पोरगा खिडकीशी आला. वीस-एकवीस वर्षांचा असेल. काच चार बोटं खाली केली.

"चाचा, मागची लाईट बंद हाय की तुमची. ब्रेक मारला की तेवढी पेटतीया, सोडला की गप. मगाधरनं हात करतोय मी."

मला काही बोलताच येईना. तो म्हणाला, "इंडिकेटर लावा चारी. आन् सावकाश चला, मी मागं हाय."

आणि तो खरंच मागे राहिला. जयसिंगपुरात रस्त्यावरचे दिवे सुरू होईपर्यंत त्याच्या मोटरसायकलचा मागचा लाल दिवा हाच आमच्या गाडीचा मागचा दिवा होता. मी गाडी कडेला घेऊन उतरेपर्यंत त्याने हात उंचावला आणि वळून परत गेला. त्याचं घर मागेच कुठेतरी राहिलं होतं तर! नाव विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर स्क्रू ड्रायव्हर घेऊन गाडीमागे बसलो. गॅरेजला नेता आली असती, पण हे काम स्वतः करावंसं वाटलं. आमची सात आसनी गाडी जुनी आहे, तिचे मागचे दिवे बल्बचे आहेत. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना एलईडीचे दिवे असतात. त्यात बल्ब वेगळा बदलता येत नाही.

गाडी बंद केली, दिव्यांचं बटण बंद केलं. डिकीचा दरवाजा उघडल्यावर दिव्याच्या कडेला दोन स्क्रू दिसतात. ते काढून दिवा सरळ मागे ओढायचा, वाकडा नाही, नाहीतर आतल्या प्लॅस्टिकच्या खुंट्या मोडतात. मागे वायरींचे होल्डर. होल्डर डावीकडे थोडा फिरवला की बाहेर येतो. त्यातला बल्ब आपल्या घरच्या जुन्या बल्बसारखाच, आत दाबून फिरवायचा.

बल्ब हातात आला आणि रात्रीचं कोडं सुटलं. पितळी भागावर लिहिलेलं होतं, १२ व्होल्ट, २१/५ वॅट. एकाच काचेत दोन तारा. २१ वॅटची ब्रेकसाठी, ५ वॅटची रात्रभर मंद जळण्यासाठी. ब्रेकची तार शाबूत होती, मंद जळणारी तुटून लोंबत होती. दोन महिन्यांपूर्वी मी घराच्या भिंतीशी गाडी लावून ब्रेक दाबला होता, भिंत लाल झाली होती, आणि 'चालू आहे' म्हणून निश्चिंत झालो होतो. म्हणजे थांबताना आम्ही लोकांना दिसत होतो, चालताना नाही. दुसऱ्या बाजूचीही बारीक तारच तुटलेली. एक आधी कधीतरी गेली असणार, दुसरी नंतर. पहिली गेली तेव्हा कुणाला कळलंच नाही. दोन्ही दिवे एकदमच गेले असते तर आधी फ्यूज तपासावा लागला असता.

नवीन जोडी चहा-नाश्त्याच्या पैशांत आली. या बल्बच्या दोन खिळ्या मुद्दाम वर-खाली केलेल्या असतात, म्हणजे तो उलटा बसूच नये. बसत नसेल तर जोर लावायचा नाही, फिरवून बघायचा. होल्डरमध्ये हिरवट गंज धरला होता, तो पॉलिश पेपरने घासला. बल्ब पांढराच असतो, लाल रंग बाहेरच्या काचेचा. म्हणून काच तडकली असेल तर तीही बदलायची, पाणी शिरलं की बल्ब पुन्हा जातो.

स्क्रू आवळण्याआधी तपासायचं होतं. भिंतीवर आता माझा भरवसा नव्हता. लेकीला हाक मारली. मी स्टिअरिंगवर, ती मागे.

"दिवे लागले?"

"दोन्ही लागले, अब्बा."

"ब्रेक?"

"जास्त लाल झाले."

"इंडिकेटर? नंबर प्लेटचा?"

सगळं झाल्यावर ती पुढे येऊन म्हणाली, "काल ट्रॉलीवाल्यांना बोलत होतात, तेव्हाही आपला बंदच होता ना?" मी मान हलवली.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे रात्री मागचा लाल दिवा दुरून दिसला पाहिजे. ताशी ६० किलोमीटरने येणाऱ्या माणसाला ७५ मीटर म्हणजे साडेचार सेकंद. तेवढ्यात त्याला बघायचं, समजायचं आणि ब्रेक लावायचा. आमच्यामागे येणाऱ्या किती जणांना ते साडेचार सेकंद आम्ही दिले नव्हते, अल्लाह जाणे. काही झालं नाही हे त्याचं मेहेरबान असणं, माझी हुशारी नव्हे.

मोमिन हा मोमिनचा आरसा असतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. अर्थ असा की स्वतःचा डाग स्वतःला दिसत नाही, तो भावाने दाखवायचा असतो, आणि दाखवताना चारचौघांत लाज काढायची नसते. त्या रात्री हे काम ज्याने केलं त्याच्या हँडलला भगवा झेंडा होता, आणि मी त्याच्यापासून पळत होतो. तो माझी दाढी बघून घाबरला असता आणि 'जाऊ दे, आपल्याला काय' म्हणाला असता तर?

आता दर गुरुवारी मगरीबनंतर लेक गाडीभोवती एक चक्कर मारते. मी आत बसून बटणं दाबतो.

गेल्या आठवड्यात सांगली रस्त्यावर माझ्यापुढे एक गाडी चालली होती, मागचे दोन्ही दिवे बंद. मी हॉर्न दिला, अप्पर-डिप्पर केलं, शेजारी जाऊन हात केला. आतल्या माणसाने माझ्याकडे एकदा बघितलं, काच वर केली आणि गाडी पळवली. त्याचा राग आला नाही. वेग कमी केला, अंतर राखलं आणि गाव येईपर्यंत त्याच्या मागे राहिलो.