पाण्यापलीकडची अंगणवाडी

दिवाळीच्या तोंडावर नंदुरबारात उतरलं की आधी मिरचीचा ठसका लागतो. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची पसरलेली, तोंडाला पदर गुंडाळून बाया ती निवडत बसलेल्या. प्रकाशाला तापी ओलांडून तळोद्याकडे निघाले, तर दुतर्फा ऊस, केळी आणि पपई. अक्कलकुव्यानंतर देवगोईचा घाट सुरू झाला आणि सपाटीवरची ही सुबत्ता हळूहळू मागे पडली.

मोलगीच्या बाजारात नव्या भगरीची पोती उतरत होती. शेजारीच दोन मालवाहू गाड्या उभ्या होत्या. त्यांत भांडी, गोधड्या, कोयते, पाय बांधलेली कोंबडी आणि या सगळ्याच्या मधोमध लहान पोरं बसलेली. दिवाळीनंतर ही कुटुंबं दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. काही दिवाळीची वाटही बघत नाहीत. डोंगरउतारावरची भगर आणि ज्वारी वर्षभर पुरत नाही आणि पाऊस संपला की गावात हाताला काम उरत नाही. तोडीच्या मुक्कामावर पोरांची शाळा सुटते आणि महिनोन्‌महिने त्यांचं वजन कुणी करत नाही.

मोलगीहून एका जीपनं नर्मदेच्या उतारावर सोडलं. पुढे पायवाट, आणि पायवाटेच्या टोकाला पाणी. समोर नदी असेल असं मनात धरून आलेली मी एका विस्तीर्ण जलाशयापुढे उभी होते. हे नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचं पाणी. धरणाची उंची आता 138.68 मीटर आहे. 2017 मध्ये दरवाजे बंद झाले आणि 2019 च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं. महाराष्ट्रातली 33 गावं या बुडिताची झळ सोसून आहेत, 24 अक्राणी तालुक्यातली आणि 9 अक्कलकुव्यातली. अनेक कुटुंबं तळोदा-शहाद्याकडच्या वसाहतींमध्ये गेली. जी राहिली ती वर सरकली, डोंगराच्या अंगावर. खालची काळी जमीन, वाटा आणि नाल्यांतले उतार पाण्याखाली गेले. कालपर्यंत चालत जायचा पाडा आज बेट होऊन बसला आहे.

बोटीत माझ्याबरोबर एक अंगणवाडी सेविका होत्या. मांडीवर अंड्यांचा ट्रे, पायाशी वजनकाटा, खांद्याच्या पिशवीत नोंदवह्या. बोट हलली की त्यांचे दोन्ही हात आपसूक ट्रेवर जायचे. 2015 साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळ ताजं, पूर्ण जेवण मिळतं. पुढे बालकांना अंडी किंवा केळी द्यायचं ठरलं. मुंबईत निघालेला हा आदेश शेवटच्या पाड्यावर पोचतो तो असा, कुणाच्या तरी मांडीवरून.

चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांची गोष्ट याच पाण्यावरची. 2020 मध्ये करोनाच्या भीतीनं काठावरच्या वस्त्यांमधल्या बाया अंगणवाडीत येईनाशा झाल्या, तेव्हा त्यांनी कोळ्याची छोटी होडी मागून घेतली आणि स्वतः वल्ही मारत अलिगाट, दादर या वस्त्या गाठल्या. जाऊन-येऊन सुमारे 18 किलोमीटर. तान्ही बाळं आणि गरोदर बाया आहाराविना राहू नयेत, एवढ्यासाठी.

आमची बोट एका पाड्याला लागली. कुडाच्या भिंतींचं, कौलारू घर. माझ्याबरोबरच्या सेविका ताईंनी दीड वर्षाच्या एका मुलीच्या डाव्या दंडाला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, कागदी पट्टी गुंडाळली. पट्टी लाल रंगावर थांबली, म्हणजे दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत. तीव्र कुपोषित. पोर रडतही नव्हतं, नुसतं बघत होतं.

ग्रामीण रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात पोरीला घेऊन चौदा दिवस राहायचं, आईला बुडीत मजुरीही मिळते, हे ताईंनी सांगितलं. आई ऐकून घेत होती, पण तिची नजर अंगणात होती. भगर झोडपायची बाकी, मोठी दोन पोरं, बैल. ‘ताई, मी गेली तर यांना कोण बघंल?’ या प्रश्नाला कुठल्याच योजनेच्या कागदावर रकाना नाही. ताईंनी तिला एका शब्दानं दुखावलं नाही. त्या सासूशेजारी जाऊन बसल्या, भिलोरीत बोलू लागल्या. घरचं बघायला कोण येईल, बैल कुठे बांधायचे, बोट कधी निघेल, एकेक गाठ सोडवत गेल्या. बऱ्याच वेळानं सासू उठली आणि तिनं पोरीची गोधडी घडी घालून सुनेच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी वर डोंगरावरच्या जीवनशाळेत गेले. नर्मदा बचाओ आंदोलनानं इथल्या लोकांसोबत 1991-92 च्या सुमारास या निवासी शाळा सुरू केल्या. चिमलखेडीची शाळा पहिल्यांपैकी एक. शिक्षक इथलेच, पहिली अक्षरं मुलांच्या बोलीतून, मग मराठी. कित्येक शिक्षक स्वतः जीवनशाळेतच शिकले. शाळेचा एक मोठा फायदा पालकांनी मला सांगितला: आईबाप ऊसतोडीला गेले तरी पोर इथंच राहतं, जेवतं आणि शिकतं.

या काठावर मदतीला येणारे पुष्कळ. कपड्यांची गाठोडी येतात, खाऊ येतो, फोटो निघतात. पण लाल पट्टी हिरवी होते ती पुन्हा पुन्हा येणाऱ्या आणि त्याच बोलीत बोलणाऱ्या माणसामुळे. म्हणून पैसा आणि लक्ष आधी तिथं गेलं पाहिजे: सेविकेच्या बोटीच्या इंधनाला, वेळेवर मिळणाऱ्या मानधनाला, जीवनशाळेच्या धान्याला, आणि ऊसतोडीच्या मुक्कामावर या मुलांची नोंद घेणाऱ्या यंत्रणेला.

या धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के आहे. त्या विजेसाठी ज्यांची शेतं आणि वाटा गेल्या, त्यांच्या लेकरांना पोटभर अन्न, डॉक्टर आणि शाळा मिळणं यात उपकार कसले? ते आपल्या सगळ्यांच्या डोक्यावरचं देणं आहे, आणि ते दर महिन्याला, वेळेवर, पाण्यापलीकडे नेऊन फेडायचं आहे.